'प्रदूषण' या ज्ञानकोशीय लेखाचा कच्चा मसुदा: निःसंकोच चिरफाड करा

शाईचा डाग
मंडळी, नमस्कार.
मराठीतल्या एका मुक्त ज्ञानकोशासाठी 'प्रदूषण' हा लेख हाती घेतलाय. आधी तिथे जेमतेम चार ओळी होत्या, त्यातल्या दोन 'प्रदूषण ही आज जगापुढील ज्वलंत समस्या आहे' या चालीच्या. मी शाळेत भूगोल शिकवतो. सुट्टी होती म्हणून बसलो आणि तीन आठवड्यांत चौदा पानं भरली. तपासणाऱ्यांनी काल मसुदा परत पाठवला. शेरा एकाच ओळीचा: "निबंध झालाय, लेख नाही."
आधी राग आला. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा पटलं. पण आता कुठून उकलू ते कळेना, म्हणून इथे टाकतोय. पूर्ण मसुदाही जोडलाय, हा सुरुवातीचा भाग:

"मानवी कृतींमुळे हवा, पाणी, जमीन यांमध्ये घातक पदार्थ मिसळून पर्यावरणाचा समतोल बिघडणे म्हणजे प्रदुषण. नद्या आपल्या माता आहेत, परंतु आज त्यांची गटारे झाली आहेत. पाण्यातील बी.ओ.डी. वाढल्यास जलचर मरतात. १९५२ साली लंडनमध्ये कारखान्यांच्या धुरामुळे हजारो लोक मृत्युमुखी पडले. १९८४ साली भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झाली. हवेतील सूक्ष्म कण सुरक्षित पातळीपेक्षा जास्त असणे आरोग्यास हानिकारक आहे. प्रदूषण रोखण्यासाठी प्रत्येकाने आपापला वाटा उचलला पाहिजे."

काय कापू, काय ठेवू, काय साफ चुकलंय? हातचं राखून बोलू नका.

खवट शेंगदाणा
सर, दहावीचा पेपर तपासल्यासारखं वाटलं. १० पैकी ६. 'माता' आणि 'गटारे' एकाच वाक्यात आणल्याबद्दल अर्धा गुण वाढवला, 'आपापला वाटा'बद्दल एक कापला. ह. घ्या.

दीर्घ ऊकार
आशयाचं जाणकार सांगतील. माझं काम छोटं आहे. पहिल्याच वाक्यात 'प्रदुषण' आहे, शेवटच्या वाक्यात 'प्रदूषण'. दूषण, दूषित, प्रदूषण: दू दीर्घ. दुष्ट आणि दुष्काळ ऱ्हस्व, त्यामुळे हात तिकडे वळतो, समजू शकतो. सरकारी पाट्यांवरही मी दोन्ही पाहिलेत. पण ज्ञानकोशाच्या लेखात, तेही लेखाच्या नावातच चूक, म्हणजे लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव चुकवण्यासारखं आहे.

ब्युरेट
मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे पाण्यापुरतं बोलते.

आधी व्याख्या. 'घातक पदार्थ' हा शब्द काढा. दूध घातक आहे का? डेअरीत टाक्या धुतलेलं पाणी ओढ्यात सोडा, दोन दिवसांत मासे उलटे होतील. साखर घातक आहे का? उसाच्या रसाचंही तेच होतं. ओझोन वर आकाशात असतो तेव्हा आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, तोच रस्त्यावर आपल्या नाकाशी तयार झाला की प्रदूषक. फॉस्फेट शेतात खत, तळ्यात गेलं की जलपर्णीचं पोषण. म्हणजे पदार्थ वाईट की चांगला हा प्रश्नच नाही. कुठे, किती आणि किती वेगाने, हा प्रश्न आहे. आणि आवाज, उष्णता, रात्रीचा झगझगाट हे तर पदार्थही नाहीत. औष्णिक वीज केंद्राचं गरम पाणी अगदी स्वच्छ असलं तरी नदीला त्रास देतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

दुसरं, 'बी.ओ.डी. वाढल्यास जलचर मरतात'. हे 'थर्मामीटर वर गेल्याने रोगी दगावला' असं म्हणण्यासारखं आहे. बीओडी हा पाण्यात तरंगणारा पदार्थ नव्हे. ते माप आहे. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतील, ते मिलिग्रॅममध्ये सांगणारं. मासे मरतात ते जिवाणूंनी प्राणवायू संपवल्यामुळे. गुदमरून.

लेखात याचंच एक प्रकरण करा. बाकी सगळं त्याच्या पुढे दुय्यम आहे.

शाईचा डाग
ब्युरेटताई, थर्मामीटरचं वाक्य वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो. 'किती, कुठे, किती वेगाने' हेही घेतो. पण एक अडचण सांगतो. बीओडीची व्याख्या मी चार ठिकाणी वाचली. ५ दिवस, २० अंश सेल्सिअस, असं पाठ आहे. मला स्वतःला ती डोळ्यांसमोर येत नाही, तर वाचणाऱ्याला काय येणार?

ब्युरेट
आधी दुरुस्ती. ५ दिवस आणि २० अंश ही जुनी पद्धत. आपल्याकडच्या मानकांत आता ३ दिवस आणि २७ अंश आहे. पाच दिवस का, तर इंग्लंडमधल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून तिथल्या शाही आयोगाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आकडा धरला, असं आम्हाला शिकवलं होतं. आपली कृष्णा महाबळेश्वरहून निघून बंगालच्या उपसागराला जाते, तिला पाच दिवसांचं काय कौतुक! पाणीही आपलं २० अंशांवर क्वचितच असतं.

आता डोळ्यांसमोर आणते.
नदीवर आम्ही ३०० मिलिलिटरची काचेची बाटली घेऊन जातो, घासलेल्या काचेच्या बुचाची. पाण्याखाली बुडवून हलकेच भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेटने दोन द्रावणं सोडायची, एक मँगनीज सल्फेटचं, दुसरं अल्कली आयोडाइडचं. बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी गाळ तयार होतो, चहाच्या चोथ्यासारखा. जितका जास्त प्राणवायू तितका गडद. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून, थायोसल्फेटने टायट्रेशन करून, म्हणजे ते थेंबाथेंबाने मोजून घालत, नेमका आकडा काढतात. शेवटी स्टार्चचा निळा रंग एका थेंबाला उडतो, तो क्षण बावीस वर्षांनंतरही मला आवडतो.

एका उन्हाळ्यात एका बंधाऱ्यावर (कुठला ते सोडा) बाटली उलटसुलट केली आणि आत पांढरा गाळ. फाटलेल्या दुधासारखा. नवीन मुलगा होता बरोबर, त्याला वाटलं द्रावण खराब झालंय. दुसरी बाटली भरली, तिसरी भरली. तिन्ही पांढऱ्या. पांढरा गाळ म्हणजे पाण्यात प्राणवायू शून्य. आणि पाणी दिसायला फार वाईट नव्हतं हो. जरा करडं, इतकंच. पलीकडे दोन पोरं पोहत होती.

खवट शेंगदाणा
(शेंगदाणा गप्प.)

सायझिंगवाला
बंधाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितोय. मी इचलकरंजीचा. नाव वाचून धंदा कळलाच असेल, सुताला खळ लावायचा. आमच्याकडं पंचगंगेवर वरपासून खालपर्यंत कोल्हापुरी बंधारे आहेत. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, टाकतात, पाणी तुंबतं, शेतीला मिळतं. चांगली सोय आहे, शिव्या घालायचं कारण नाही. पण तुंबलेल्या पाण्यात वरच्या गावांचं सांडपाणी, उद्योगांचं पाणी, सगळं येऊन बसतं. वर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरतं, इतकं दाट की लांबून हिरवं रान वाटावं. कुत्रं त्यावर चालत जाताना बघितलंय मी.

मग कधीतरी वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढतात. तळाचं काळं पाणी एकदम सुटतं आणि खालच्या बंधाऱ्याला येऊन थडकतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मेलेल्या माशांचा फोटो. लोक म्हणतात काल रात्री कुणीतरी मळी सोडली. सोडलीही असेल, मी कुणाची बाजू घेत नाही. पण बऱ्याचदा ते महिनाभराचं साठलेलं असतं, फक्त एका रात्रीत हललेलं.
सर, तुमच्या लेखात नदी 'गटार झाली' एवढंच आहे. ती कशी होते ते लिवा की.

कुरुंदवाडची लेक
सायझिंगवाले दादा म्हणतात तो काळा लोट शेवटी आमच्याच दारात येतो. कुरुंदवाडला पंचगंगा कृष्णेला मिळते, पलीकडे नृसिंहवाडी. माहेरी घाटावर उभं राहिलं की उन्हाळ्यात दोन पाण्यांतला फरक दिसतो. एका बाजूने कृष्णेचं, एका बाजूने पंचगंगेचं, आणि बराच पल्ला दोन्ही एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी चालतात, भांडलेल्या जावांसारखी.

मासे मरायच्या आदल्या पहाटे भोई लोकांना कळतं. मासे पाण्याच्या वर तोंड काढून हपापल्यासारखे हवा घेतात. बाबा सांगायचे, त्या दिवशी मासे हाताने पकडता येतात, पण पकडायचे नसतात. मरळ मात्र टिकते.

ब्युरेट
लेक, तुमच्या बाबांचं निरीक्षण पक्कं आहे. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून ती टिकते. आणि 'पहाटे' हा शब्द फार महत्त्वाचा. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. आपण नमुना घ्यायला निघतो चहा-नाश्ता करून, अकरा वाजता. अकरा वाजता त्याच पाण्यात बरा आकडा मिळतो. खोटं कुणी बोलत नाही, पण मासा पहाटे मेलेला असतो.
हे लेखात घालाच. नमुना कुठे, कधी, किती खोलीवर घेतला याशिवाय आकडा लिहू नये. वार्षिक सरासरी तर त्याहून फसवी. सरासरीत पावसाळ्याचे चार महिने येतात, मासे मरतात त्या मे महिन्यात पावसाळा नसतो.

खवट शेंगदाणा
मी जरा गणित करून बघितलं. दारू गाळल्यावर डिस्टिलरीत उरतो त्या स्पेंट वॉशचा बीओडी लिटरला ५०,००० मिलिग्रॅमच्या घरात असू शकतो, असं वाचलं. १०,००० लिटरचा एक टँकर धरला. म्हणजे ५०० किलो प्राणवायूची भूक. नदीच्या चांगल्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू. भागाकार केला तर एक टँकर ६२ लाख ५० हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपवेल. बरोबर आहे का ताई?

ब्युरेट
एक शून्य खाल्लंत. ६ कोटी २५ लाख लिटर.

खवट शेंगदाणा
मी हे तीनदा तपासलं होतं. आता पाणी पिऊन येतो. नको, चहाच बरा.

ब्युरेट
पण हे असंच लेखात टाकू नका. हा हिशेब बादलीचा आहे, नदीचा नाही. सगळं पाणी एकजीव झालं आणि हवेतून नवा प्राणवायू आलाच नाही तर हे खरं. खळखळणारी नदी, दगडांवरून उड्या मारणारी, सतत हवेतून प्राणवायू घेत असते. ती टँकरभर घाण पचवत पचवत काही अंतरावर पुन्हा शुद्धीवर येते. बंधाऱ्यामागचं थांबलेलं पाणी, वरून केंदाळाची गोधडी, तिथे बादलीचा हिशेब जवळपास लागू पडतो. म्हणून सायझिंगवाल्यांनी सांगितलेलं बरग्यांचं गणित आणि हे गणित एकत्र मांडा. घाण तेवढीच, नदी वाहती असली तर एक परिणाम, थांबवली तर दुसरा.
तुलनेसाठी ओळ हवी तर: घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. नदीत आंघोळ करण्यायोग्य पाण्याचं आपलं मानक ३ किंवा कमी, आणि विरघळलेला प्राणवायू ५ किंवा जास्त.

वाटेवरचा धोंडा
इचलकरंजीचा उल्लेख आलाच आहे तर २०१२ची काविळीची साथ लेखात हवी. कापड रंगवण्याच्या पाण्याने माणसं मेली तेव्हा. तिथला काळा ओढा बघा एकदा, कुठल्या दिवशी कुठला रंग येईल सांगता येत नाही.

सायझिंगवाला
धोंडेसाहेब, साथ झाली हे खरं, आमच्या गल्लीत घरटी एक माणूस पिवळा पडला होता, माझा मेहुणा महिनाभर अंथरुणाला खिळून होता. पण रंगाच्या पाण्यानं कावीळ होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते हिपॅटायटिस ई. तो विषाणू माणसाच्या मैल्यातून पाण्यात येतो. म्हणजे पिण्याच्या पाण्यात कुठंतरी सांडपाणी शिरलं. रंग दिसतो म्हणून सगळं पाप रंगाच्या डोक्यावर. आमच्या धंद्याचा दोष असंल तिथं मी मान खाली घालतो, पण संडासाचं खापर कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवर कशाला फोडायचं?
आणि अजून एक गंमत बघा. पंचगंगेच्या काठावरचं हे शहर पिण्याचं पाणी आणतं कृष्णेतून, मजरेवाडीहून. दारात नदी आणि नळाला दुसऱ्या नदीचं पाणी.

ब्युरेट
+१. हा मुद्दा मला वाटतं लेखाचा कणा व्हावा. डोळ्याला दिसतं ते आणि मोजल्यावर सापडतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ला तळोज्यात रंगाच्या पाण्याने निळी पडलेली कुत्री आठवतात? फोटो देशभर फिरले, योग्यच झालं. पण त्याच काळात कितीतरी नद्यांत मैलापाणी प्रक्रिया न करता जात होतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण फोटोत ते नुसतं गढूळ पाणी दिसतं. रंग थोडासुद्धा डोळ्याला खुपतो. विषाणू कितीही असले तरी पाणी नितळच दिसतं.

वाटेवरचा धोंडा
मान्य. दुरुस्ती स्वीकारतो. पण रंगाचं पाणी निर्दोष असंही लेखातून वाटू नये. उजेड अडवतं, क्षार आणतं.

ब्युरेट
शंभर टक्के. क्षारांचं तर कापडधंद्याच्या पाण्यात मोठंच दुखणं आहे, बीओडीच्या प्रक्रियेने क्षार जात नाहीत. ते पाणी वर्षानुवर्षं शेतात गेलं की जमीन चोपण, म्हणजे खारवट नि नापीक, होते. सरांनी मृदाप्रदूषणाला स्वतंत्र प्रकरण केलंय, त्यापेक्षा तिथेच दोन ओळीत जोडून टाका.

पिट्सबर्गकर
उशिरा आलो. हवेबद्दल थोडं.
लंडनच्या वाक्यात 'कारखान्यांच्या धुरामुळे' हे अर्धवट आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२. थंडी कडाक्याची, घरोघरी शेगड्यांत हलक्या प्रतीचा कोळसा. वीज केंद्रं होतीच. पण मुख्य खलनायक हवामान. जमिनीलगत थंड हवा, तिच्यावर उबदार हवेचं झाकण, वारा पडलेला. एरवी वर निघून जाणारा धूर पाच दिवस तिथेच कोंडला. सुरुवातीला मृत्यूंचा अंदाज ४,०००च्या आसपास होता, नंतरच्या अभ्यासांत तो १२,०००पर्यंत गेला. मग १९५६चा स्वच्छ हवा कायदा.

मी राहतो तिथून तासाभरावर डोनोरा नावाचं गाव आहे. ऑक्टोबर १९४८मध्ये, म्हणजे लंडनच्या चार वर्षं आधी, तिथे हेच घडलं. नदीची अरुंद दरी, जस्ताचा कारखाना, पोलादाची गिरणी, वरून हवेचं झाकण. २० माणसं गेली, हजारो आजारी. शेवटी पाऊस आला तेव्हा धुरके हटलं. आता गावात त्याचं छोटं संग्रहालय आहे. एकदा आई-बाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो. आई चंद्रपूरची. फोटो बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी असंच तर असते."
सर, आईच्या या वाक्याचं उत्तर लेखात हवं. हिवाळ्यातच हवा का बिघडते? धूर तर बारा महिने असतोच. मुख्यतः झाकणामुळे.

दीर्घ ऊकार
'धुरके' हा शब्द वापरल्याबद्दल पिट्सबर्गकरांचा सत्कार करावा. धूर अधिक धुके. इतका नेटका शब्द असताना लोक स्मॉग स्मॉग करत बसतात.
त्याच न्यायाने सर, बीओडीचं मराठीकरण काय करणार? 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' हा शब्द शुद्ध आहे, पण तो म्हणेपर्यंतच जिवाणूंचा प्राणवायू संपेल.

शाईचा डाग
पहिल्यांदा एकदा पूर्ण मराठी नाव, पुढे सगळीकडे 'बीओडी'. प्रयोगशाळेतही आणि बंधाऱ्यावरही लोक तेच म्हणतात. आणि 'जलपर्णी' लिहिताना 'कोल्हापूर भागात केंदाळ' अशी नोंद करणार.
पिट्सबर्गकर, डोनोरा माहीत नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

वकीलबाई
'सुरक्षित पातळी' या शब्दांवर माझी हरकत आहे. कुणाची पातळी? २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक धूलिकणांसाठी आपलं २००९चं राष्ट्रीय मानक वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस ५. आठपट फरक. एखाद्या शहराची सरासरी ३५ असेल तर कायद्याने ते पास, संघटनेच्या हिशेबात सातपट नापास. मानक म्हणजे निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. आरोग्य, खर्च, शक्यता यांचा मेळ घालून माणसांनी आखलेली आहे. लेखात 'सुरक्षित' नको, 'अमुक मानकापेक्षा' असं लिहा.

कायद्याचा भाग तुम्ही १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यापासून सुरू केलाय, म्हणजे भोपाळनंतरचा. त्याआधी १९७४चा जल कायदा आणि १९८१चा हवा कायदा आहे. आणि महाराष्ट्र त्याच्याही आधी. इथे १९६९मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा झाला आणि १९७०मध्ये मंडळ स्थापन झालं, केंद्राच्या कायद्याच्या चार वर्षं आधी. हे आपल्याच लेखात नसेल तर कुठे असणार?
आणि १९७४च्या कायद्यातली व्याख्या जरूर वाचा. पाण्याच्या भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्मांत असा बदल, ज्याने उपद्रव होईल किंवा होण्याचा संभव असेल. 'संभव' हा शब्द सोन्याचा आहे. मासा मरेपर्यंत थांबायची गरज नाही.

शाईचा डाग
वकीलबाई, 'संभव'वर तासभर अडकलो. माझ्या व्याख्येत 'समतोल बिघडणे' होतं, म्हणजे बिघडून झाल्यावरच प्रदूषण. आता बदलतो.

खवट शेंगदाणा
ध्वनीचं काय लिहिलंय? आमच्या गल्लीत मिरवणुकीच्या दिवशी खिडकीच्या काचा कथ्थक करतात.

शाईचा डाग
'५५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज म्हणजे ध्वनिप्रदूषण' असं लिहिलंय. आता ते वाक्यही संशयास्पद वाटायला लागलंय.

वकीलबाई
वाटायलाच हवं. २०००च्या नियमांत ५५ हे निवासी भागात दिवसा. रात्री १० ते सकाळी ६ तिथेच ४५. औद्योगिक भागात दिवसा ७५. आणि कृपया लिहा की डेसिबल बेरजेने वाढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. 'फक्त वीसनेच जास्त आहे' म्हणणाऱ्याला शंभरपट म्हणजे काय ते कळू दे.

कुरुंदवाडची लेक
एक सुचवू? सगळा लेख वाईटच आहे. म्हणजे वाईट गोष्टींचाच आहे. काही सुधारलंच नाही का कुठे? माझी मुलगी असलं वाचून म्हणते, "मग आता काय, मरायचंच का सगळ्यांनी?"

पिट्सबर्गकर
सुधारलंय की. शिसं घातलेलं पेट्रोल घ्या. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून ते बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ला. एक पदार्थ, ठरवून, जगभरातून काढून टाकला. थेम्स नदी १९५७मध्ये लंडनच्या पट्ट्यात जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती, आज तिच्या मुखाकडे सील दिसतात. मात्र ते नदीवर भाषणं देऊन झालं नाही. सांडपाण्याची केंद्रं बांधली, सुधारली, आणि चालवली.

सायझिंगवाला
'चालवली' याला ठळक करा सर. केंद्र बांधलं की उद्घाटनाचा फोटो येतो. विजेचं बिल भरलं का, याचा फोटो येत नाही.

वाटेवरचा धोंडा
एक मूलभूत आक्षेप. 'प्रदूषण' हा जगाचा लेख. त्यात पंचगंगा, बरगे, तेरवाड कशाला? उद्या कुणी म्हणेल मुळा-मुठा घाला, कुणी म्हणेल गोदावरी. पंचगंगेचा वेगळा लेख करा.

शाईचा डाग
याचा मीही विचार केला. वेगळा लेख करणारच आहे. पण माझ्या जुन्या मसुद्यात लंडन होतं, भोपाळ होतं, आणि मराठी वाचणाऱ्याच्या गावातली एकही नदी नव्हती. प्राणवायू कसा संपतो हे समजावायला एक नदी लागतेच. ती टेनेसीची असली तर कुणी विचारत नाही 'टेनेसीच का?' माझ्या शाळेतली मुलं बंधारा बघत मोठी झालीत. बरगे म्हटल्यावर त्यांना चित्र काढून दाखवावं लागत नाही.

वाटेवरचा धोंडा
ठीक. एक परिच्छेद. दोन झाले तर मी परत येईन.

शाईचा डाग
मंजूर. नवी सुरुवात टाकतोय, बघा:

"हवा, पाणी, जमीन किंवा परिसर यांत एखादा पदार्थ अथवा ऊर्जा (उष्णता, ध्वनी, प्रकाश) अशा ठिकाणी, इतक्या प्रमाणात वा इतक्या वेगाने मिसळणे, की ती सामावून घेण्याची तिथली क्षमता अपुरी पडून सजीवांना अपाय होतो किंवा होण्याचा संभव निर्माण होतो, त्यास प्रदूषण म्हणतात. एकच पदार्थ एका ठिकाणी उपयुक्त आणि दुसऱ्या ठिकाणी प्रदूषक असू शकतो. उदा. ओझोन, फॉस्फेट. प्रदूषण नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही. प्राणवायू पूर्ण संपलेले किंवा रोगजंतूंनी दूषित झालेले पाणी नितळ दिसू शकते. त्यामुळे त्याचे स्वरूप मोजमापावरून ठरवले जाते, आणि मोजमापाचे स्थळ, वेळ व पद्धत यांवर निष्कर्ष अवलंबून असतो."

त्यानंतर थेट पाण्यातला प्राणवायू, मग बंधाऱ्याचा एक (एकच!) परिच्छेद, मग हवेचं झाकण, मग मानकं आणि कायदे. 'माता', 'गटारे', 'आपापला वाटा' तिघांनाही निरोप दिलाय. चौदा पानांची नऊ झाली.

दीर्घ ऊकार
पहिलं वाक्य जरा लांबलंय, पण एकही ऱ्हस्व-दीर्घ चूक सापडली नाही. थोडा हिरमुसलो.

ब्युरेट
'प्राणवायू पूर्ण संपलेले... पाणी नितळ दिसू शकते' यात 'पुष्कळदा' घालू नका म्हणून लिहायला आले होते, पण तुम्ही 'शकते' आधीच लिहिलंय. छान. प्राणवायू संपला की पुढे बहुतेक वेळा वास सुटतो, कुजक्या अंड्यासारखा, हायड्रोजन सल्फाइडचा. तेवढं एक वाक्य पुढे कुठेतरी जोडा. नाकही मोजमापाचं साधन आहे, कच्चं का असेना.

शाईचा डाग
जोडलं. आता फक्त एक फोटो हवाय. मेलेल्या माशांचा नको, तो सगळीकडे आहे. बरगे घातलेल्या बंधाऱ्याचा, अलीकडे तुंबलेलं केंदाळ आणि पलीकडे पाणी, असा एका चौकटीत कुणाकडे असेल तर द्या. स्वतः काढलेला हवा, मुक्त परवान्याखाली देता येईल असा.

सायझिंगवाला
उद्या सकाळी वरचे बरगे काढणार आहेत म्हणून ऐकलं. साडेपाचला जातो, उजाडायच्या आत. ताई, ती बाटली नि दोन द्रावणं कुठं मिळतात? की तुम्हीच येताय?

ब्युरेट
पाण्याचं तापमान लिहून घ्या, तेवढं तरी करा. आणि मी येतेय. पाचला निघते. चहा घेऊन थांबा.